पदपथ, उपाहारगृह आणि शेजार : न्यूयॉर्क शहरातील एका वादाचा इतिहास

मराठीत ‘फुटपाथ’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याचे परकेपण आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘पदपथ’ हा त्याचा संस्कृतोद्भव प्रतिशब्द नगरपालिकांच्या कागदपत्रांत आढळतो. बोलण्यात तो क्वचितच येतो. दोन्ही शब्दांत पाय आहे आणि त्यामुळे चालणे आहे. अमेरिकन इंग्रजीतील ‘साइडवॉक’ या शब्दातही क्रिया चालण्याचीच आहे. म्हणजे जिचे नाव तिच्या उपयोगावरूनच पडले अशी ही जागा होय. अशा जागेवर बसून जेवण्याचा, तेथे कठडा घालण्याचा, काच बसविण्याचा आणि शेवटी छप्पर उभारण्याचा अधिकार कोणाला, किती काळ आणि कोणाच्या संमतीने मिळावा, या प्रश्नावरून न्यूयॉर्क शहरात दीर्घकाळ चालत आलेल्या वादाचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्याने इतिहासाच्या प्रांतात तो उपराच आहे. तथापि या वादातील नियम, निवाडे व तक्रारी पाहू लागल्यावर असे दिसून येते की, भांडणाचा बराचसा भाग नामांवरून नसून विशेषणांवरून झालेला आहे. ‘तात्पुरते’, ‘हलविता येण्याजोगे’, ‘रद्द करता येण्याजोगे’ ही ती विशेषणे. सार्वजनिक जागा बळाने बळकावल्याची उदाहरणे या इतिहासात फारशी नाहीत. बहुतेक वेळी ती एखाद्या सौम्य विशेषणाच्या आधाराने दिली गेली आणि पुढे त्या विशेषणाचा अर्थ हळूहळू झिजत गेला. शेजारच्या रहिवाशांचा विरोध उघड्यावर खाण्यापिण्याला सहसा नव्हता. या झिजेला होता. असा विरोध करणारे नेहमीच निर्मळ हेतूचे होते असे म्हणण्याचा मात्र येथे उद्देश नाही.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांची चौकट १८११ च्या आयुक्त-आराखड्याने ठरविली. मॅनहॅटन बेटाच्या मोठ्या भागावर काटकोनांत छेदणाऱ्या रस्त्यांचे जाळे आखण्यात आले. आडव्या रस्त्यांपैकी बहुतेकांची रुंदी ६० फूट व उभ्या ‘ॲव्हेन्यूं’ची १०० फूट धरण्यात आली. रस्ता म्हणजे एका इमारतीच्या दर्शनी रेषेपासून समोरच्या इमारतीच्या दर्शनी रेषेपर्यंतची सर्व जागा. गाडीवाट आणि पदपथ हे दोन्ही तिचेच भाग. पण दर्शनी रेषा कागदावर जितकी सरळ होती तितकी जमिनीवर राहिली नाही. घरमालकांना दारापुढच्या पायऱ्या, तळघरात उतरण्याचे चौक आणि लोखंडी कठडे काही फूट पुढे आणण्याची मुभा नगराच्या नियमांनी दिली होती. या पायऱ्यांना तेथे ‘स्टूप’ म्हणतात. हा शब्द मूळचा डच; शहर डचांच्या ताब्यात असतानाच्या काळाची ती खूण आहे. आपल्याकडच्या ओट्याशी त्याचे नाते रक्ताचे नसले तरी कार्याचे निश्चित आहे. घर आणि रस्ता यांच्या मधली, दोघांचीही आणि कोणाचीच नव्हे अशी ती जागा. ओटा पुढे सरकतो तेव्हा कोणालाच वाईट वाटत नाही, कारण ज्याचा त्याचा ओटा पुढे सरकत असतो.

ही परस्परांच्या सोयीची सहनशीलता विसाव्या शतकाच्या आरंभी मोडली. रिव्हरसाइड ड्राइव्हवरील एका घराचा दर्शनी भाग रस्त्याच्या हद्दीत आल्याबद्दल शेजारच्या मालकाने दावा केला. ‘ॲकरमन विरुद्ध ट्रू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दाव्यात न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाने १९०३ मध्ये असा निर्णय दिला की, सार्वजनिक रस्त्यावर कायमचे अतिक्रमण करण्यास संमती देण्याचा अधिकार नगराच्या अधिकाऱ्यांना नव्हता, आणि ज्या शेजाऱ्याची त्यामुळे विशेष हानी होते त्याला न्यायालयात दाद मागता येते. निवाड्यातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. एक, अतिक्रमण ‘कायमचे’ असणे हा त्यातील निर्णायक गुण ठरला. दुसरी, सार्वजनिक जागेच्या रक्षणासाठी उभा राहिलेला माणूस नगराचा अधिकारी नसून शेजारी होता. पुढच्या शंभर वर्षांतील प्रत्येक भांडणात या दोन्ही गोष्टी पुन्हा आढळतात.

यानंतर थोड्याच वर्षांत, १९०९ च्या सुमारास, फिफ्थ ॲव्हेन्यूची गाडीवाट दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात फुटांनी रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्या निमित्ताने रस्त्याच्या हद्दीत आलेले जिने, चौक व कठडे पाडण्यात आले. वरवर पाहता हा सार्वजनिक हक्काचा विजय होता. पण मोकळी झालेली जागा शेवटी पायी चालणाऱ्याच्या वाट्याला फारशी आली नाही. वाहनांसाठी पदपथ कापला गेला होता, त्याची भरपाई तेवढी झाली. पदपथाला दोन्ही बाजूंनी कुरतडले जाते, हे सूत्र त्याच वेळी स्पष्ट झाले होते.

रस्त्यावरील खाद्यविक्रीचा विचार करताना हातगाडीवाल्यांना वगळता येणार नाही. लोअर ईस्ट साइड आणि ईस्ट हार्लेम या भागांत स्थलांतरितांच्या हातगाड्यांचे बाजार भरत. महापौर ला ग्वार्डिया यांनी १९३० च्या दशकात या गाड्या रस्त्यावरून हटवून विक्रेत्यांना छपराखालच्या मंडयांत नेले. ईस्ट हार्लेममधील पार्क ॲव्हेन्यूची मंडई १९३६ मध्ये आणि एसेक्स स्ट्रीटची १९४० मध्ये उघडली. अस्वच्छता, गर्दी व वाहतुकीला अडथळा ही तेव्हा दिलेली कारणे होत. ज्याला भिंत नव्हती त्याला भिंतीच्या आत नेण्यात आले. ज्याला भिंत होती त्याला ती पुढे सरकविण्याची परवानगी मात्र त्यानंतरच्या काळात मिळत गेली. हा विरोधाभास पुढेही ध्यानात ठेवावा लागेल.

१९६० च्या सुमारास ग्रीनिच व्हिलेज भागातील हडसन स्ट्रीटवर एक लहानसे पण फलदायी भांडण झाले. वाहनांसाठी रस्ता रुंद करावा म्हणून नगराने दोन्ही बाजूंचे पदपथ पाच-पाच फुटांनी अरुंद करण्याचे योजिले. त्या रस्त्यावर ५५५ क्रमांकाच्या घरात जेन जेकब्स राहत असत. शेजाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, घरातील मुलेही त्या कामाला लागली, आणि योजना मागे घेण्यात आली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या ग्रंथात जेकब्स यांनी पदपथाच्या उपयोगांना तीन प्रकरणे दिली : सुरक्षितता, परिचय आणि मुलांचे संगोपन. मुलांच्या खेळाला पुरेसा वाव हवा तर पदपथ तीस-पस्तीस फूट रुंद असावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच ग्रंथात हडसन स्ट्रीटवरील व्हाइट हॉर्स टॅव्हर्न या मद्यगृहाची त्यांनी प्रशंसा केली आहे. रात्री उशिरापर्यंत तेथे येणाजाणाऱ्या लोकांमुळे रस्ता जागा राहतो व म्हणून सुरक्षित राहतो, असा त्यांचा युक्तिवाद.

म्हणजे पुढील काळातील दोन्ही पक्षांना त्यांचा आधार घेता येण्यासारखा होता. उपाहारगृहांच्या बाजूने बोलणाऱ्याला रात्रीचा जागता रस्ता दाखविता येतो, विरोधकाला रुंद पदपथ. प्रस्तुत लेखकाला यातला एक तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या मद्यगृहाचे गिऱ्हाईक भिंतीच्या आत बसत असे आणि घरी जाण्यासाठी पदपथावरून चालत असे. जेकब्स यांच्या रस्त्याला लाभलेली वर्दळ चालणाऱ्यांची होती. पदपथावर मांडलेल्या मेजांची वर्दळ ही निराळी गोष्ट आहे. ती चांगली असेल वा वाईट, पण निराळी आहे.

पदपथावरील उपाहारगृहाला तेथे ‘साइडवॉक कॅफे’ असे नाव आहे. ‘कॅफे’ या फ्रेंच शब्दाबरोबर पॅरिसच्या रुंद हमरस्त्यांचे चित्र येते आणि अरुंद रस्त्यावरही ते चित्र शब्दाच्या जोरावर वावरते. (आपण मराठीत कोणत्याही खानावळीला ‘हॉटेल’ म्हणतो, तेव्हा असेच काहीसे होते, पण तेथे निदान कायदा त्या नावाला फसत नाही.) न्यूयॉर्कच्या विभागनियमांत, म्हणजे ज्यांना तेथे ‘झोनिंग’ म्हणतात त्यांत, पुढे या कॅफेंसाठी एक स्वतंत्र प्रकरणच घालण्यात आले. त्यातील व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने सावकाश वाचाव्यात अशा आहेत. ‘उघडा’ कॅफे म्हणजे सहज हलविता येतील अशी मेजे, खुर्च्या व कठडे. वर छत्र्या किंवा गुंडाळता येणारे कापडी छत, याहून अधिक आच्छादन नाही. ‘बंदिस्त’ कॅफे म्हणजे मुख्यतः काच, मंद जळणारे प्लास्टिक वा हलका धातू अशा हलक्या द्रव्यांचे एकमजली बांधकाम. २००४ मध्ये तिसरा प्रकार आला, ‘लहान’ कॅफे : इमारतीला लागून साडेचार फुटांच्या पट्ट्यात मेजांची एकच रांग, कठडा नाही. पादचाऱ्यासाठी किमान आठ फूट किंवा पदपथाची निम्मी रुंदी, यांपैकी जी अधिक असेल तेवढी जागा मोकळी ठेवावी, असा नियम होता.

‘बंदिस्त’ कॅफेची व्याख्या पाहावी. पहिल्या प्रकारात ‘हलविता येण्याजोगे’ हे विशेषण आहे. दुसऱ्यात त्याच्या जागी ‘हलके’ आले आहे. दोहोंत उच्चाराचे साम्य मराठीत आहे, इंग्रजीत तेवढेही नाही; पण नियमकर्त्यांनी एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतले. काचेची भिंत हलकी असते म्हणून ती हलते असे नाही. आत वातानुकूलन आले, फरशी आली, हिवाळ्यात उष्णतेची सोय झाली आणि पदपथाचा तो तुकडा उपाहारगृहाच्या दिवाणखान्याचा भाग बनला. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही सर्व रचना ‘रद्द करता येण्याजोग्या संमती’वर उभी होती. म्हणजे जमीन सार्वजनिकच, मालकाला फक्त वापराची अनुज्ञा, तिच्याबद्दल नगराला शुल्क, आणि नगराच्या इच्छेनुसार ती परत घेण्याची मोकळीक. शेजाऱ्यांचा अनुभव असा की, जी संमती वर्षानुवर्षे नव्याने मिळत जाते तिचे ‘रद्द करता येण्याजोगे’पण केवळ कागदावर राहते.

या संमतीच्या प्रक्रियेत शेजाऱ्याला बोलण्याची एक जागा होती, ती म्हणजे कम्युनिटी बोर्ड. शहराचे असे ५९ विभाग आहेत. प्रत्येकाच्या बोर्डावर पन्नासपर्यंत विनावेतन सभासद असतात. त्यांची नियुक्ती त्या त्या ‘बरो’चा अध्यक्ष करतो. १९७५ च्या सनद-दुरुस्तीने या बोर्डांना आजचे स्वरूप दिले. त्यांचे मत केवळ सल्ल्याचे असते, बंधनकारक नसते. तरीही कॅफेचा अर्ज बोर्डापुढे येई, उपाहारगृहाचा मालक तेथे उभा राही आणि वरच्या मजल्यावर राहणारी म्हातारी बाई त्याला तोंडावर विचारू शके की, रात्री बारानंतर खुर्च्या ओढण्याचा आवाज कोण थांबविणार. त्यातून पुष्कळदा तडजोड निघे : चार मेजे कमी, एक तास आधी बंद, घंटागाडीसाठी कचरा अमुक बाजूला. नगरेतिहासात अशा तडजोडींची नोंद सहसा होत नाही. पण मेजाची जागा आणि झोपेची वेळ या दोन गोष्टी एकाच टेबलावर मांडल्या जाण्याची ती एकमेव सोय होती.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शहरातील उपाहारगृहांत बसून खाणे बंद झाले. हजारो आचारी, वाढपी व भांडी घासणारे बेकार झाले. त्यांत स्थलांतरितांचे प्रमाण मोठे होते. जून २०२० मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी आणीबाणीच्या अधिकारांत ‘ओपन रेस्टॉरंट्स’ ही योजना सुरू केली. पदपथावर आणि पदपथालगतच्या गाड्या उभ्या करण्याच्या पट्ट्यातही मेजे मांडण्यास परवानगी मिळाली. मालकाने स्वतःच नियम पाळल्याची ग्वाही द्यावयाची. बोर्डापुढे सुनावणी नाही, शुल्क नाही. साथीपूर्वी पदपथावरील कॅफेंची संख्या हजाराच्या आसपास होती. या योजनेचा लाभ बारा हजारांहून अधिक उपाहारगृहांनी घेतला आणि सुमारे एक लाख नोकऱ्या त्यामुळे वाचल्या, असे नगरप्रशासनाचे सांगणे होते. त्या पहिल्या उन्हाळ्यात विरोधाचा आवाज जवळजवळ नव्हता, आणि तो नसणे हे शेजाऱ्यांना भूषणावहच म्हटले पाहिजे.

सप्टेंबर २०२० मध्ये योजना कायम करण्याची घोषणा झाली. तोवर हिवाळ्याची तयारी म्हणून मेजांच्या भोवती भिंती व वर छप्पर येऊ लागले होते. रस्त्याच्या बाजूने येणाऱ्या वाहनांपासून संरक्षण म्हणून अठरा इंच जाडीचे, माती वा वाळूने भरलेले कठडे बंधनकारक होते. अशा कठड्यावर उभे राहिलेले बांधकाम सहज हलणारे नसते हे सांगावयास नको. इमारतीलगत एक रांग, पलीकडे रस्त्यात दुसरी, आणि मधून ताटे घेऊन जाणारे वाढपी : पदपथाची वाट दोन दालनांमधला बोळ झाली. चाकांच्या खुर्चीवरून जाणारे, मुलांच्या गाड्या ढकलणारे, अंध व वृद्ध यांना त्याचा जाच सर्वांत आधी जाणवला. लाकडी जमिनीखाली साचणारा कचरा, उंदीर, मध्यरात्रीचा कोलाहल, अग्निशामक गाड्यांना होणारी अडचण, या तक्रारी त्यानंतर आल्या.

या बांधकामांना काय म्हणावे यावरही दोन तट पडले. उपाहारगृहांच्या बाजूचे ‘स्ट्रीटरी’ म्हणत; ‘स्ट्रीट’ आणि ‘ईटरी’ यांचा तो जोडशब्द. विरोधक ‘शेड’ म्हणत, आणि चिडले म्हणजे ‘शँटी’, अर्थात झोपडे. या दुसऱ्या शब्दाने मुंबईच्या वाचकाला थोडे थबकावेसे वाटेल. झोपडे हा ज्याला दुसरा आसरा नाही त्याचा आसरा. मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिलेल्या निवाड्यात, पदपथ ही सर्वांच्या सोयीची सार्वजनिक मालमत्ता होय हे तत्त्वही सांगितले आणि उपजीविकेचा संबंध जगण्याच्या हक्काशी जोडला. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३१४ वैध ठरविले, पण सामान्यतः नोटीस दिली जावी अशीही अपेक्षा व्यक्त केली. तेथे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात निदान जगणे होते. न्यूयॉर्कच्या रहिवाशांनी काचेच्या दिव्यांनी सजविलेल्या भोजनदालनाला त्याच तिरस्काराचा शब्द लावला, यात त्यांच्या वर्गाची भाषा उघडी पडते.

त्यांच्या बाजूची आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. त्या शहरात हातगाडीवर खाद्यपदार्थ विकण्याच्या परवान्यांवर १९८३ पासून सुमारे तीन हजारांची मर्यादा होती. ती सैल करण्याची सुरुवात २०२१ च्या कायद्याने झाली, तीही वर्षांच्या टप्प्यांनी. सार्वजनिक जागा पत्ता असलेल्या धंद्याला एका आदेशाने आणि पत्ता नसलेल्याला चाळीस वर्षांच्या रांगेने, हा भेद विरोधकांच्या निवेदनांत मध्यवर्ती झाला असता तर त्यांचा पक्ष अधिक बळकट झाला असता. तसे फारसे झाले नाही. कारण उघड आहे : त्यांतील अनेकांना हातगाडीही नकोच होती.

तरीही कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर विरोधक बरोबर होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये काही रहिवाशांनी दावा दाखल केला. योजना कायम करण्यापूर्वी राज्याच्या पर्यावरण-परीक्षण कायद्याप्रमाणे तिचे परिणाम तपासावयास हवे होते, हे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०२२ मध्ये नगरपरिषदेने विभागनियमांतील कॅफेंवरील स्थलमर्यादा उठविणारी दुरुस्ती संमत केली. मार्चमध्ये पहिल्या न्यायालयाने (न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे नाव याच पातळीच्या न्यायालयाला आहे, हे वाचकाने विसरू नये) रहिवाशांच्या बाजूने निर्णय दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. कायम योजनेचा कायदाच अद्याप पूर्ण झालेला नसल्याने दावा अकाली आहे, असे कारण दिले. दरम्यान तात्पुरत्या आदेशांची मुदत पुनःपुन्हा वाढविली जात होती आणि त्यालाही २०२२ मध्ये दुसऱ्या दाव्याने आव्हान देण्यात आले. परिणामी स्थिती अशी झाली की, योजना अद्याप कायम नाही म्हणून तिच्याविरुद्ध दाद नाही, आणि ती तात्पुरती आहे म्हणून तिच्यासाठी परीक्षण नाही. रस्त्यातल्या भिंती मात्र तिसरा हिवाळा पाहत होत्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये महापौर एरिक ॲडम्स यांच्या सहीने १२१ क्रमांकाचा स्थानिक कायदा झाला. त्याच्या तरतुदींत विरोधकांच्या बहुतेक मागण्यांचे प्रतिबिंब आढळते, जरी उघड्यावरील जेवण बंद व्हावे ही त्यांतील काहींची मागणी त्यात नाही. पदपथावरील कॅफेला वर्षभर मुभा राहिली, रस्त्यातील कॅफेला १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर एवढीच. शुल्क पुन्हा आले, परवान्याची मुदत चार वर्षांची ठरली, संमती पुन्हा ‘रद्द करता येण्याजोगी’ झाली आणि अर्ज कम्युनिटी बोर्डाकडे पाठविण्याची पद्धत परत आली. काचेच्या बंदिस्त कॅफेला नव्या योजनेत स्थान राहिले नाही. जुन्या रचनांच्या मालकांनी नव्या पद्धतीने अर्ज करण्याची शेवटची तारीख ३ ऑगस्ट २०२४ होती. त्या वर्षीचा हिवाळा येण्याच्या आत रस्त्यातील शेडी मोडण्यात आल्या. अनेक मालकांनी दरवर्षी उभारणे, मोडणे आणि सामान कोठेतरी साठविणे परवडत नाही असे सांगून पुन्हा अर्ज केलाच नाही. त्यांची ही तक्रार खोटी नव्हती. बारमाही परवानगीची मागणी त्यानंतर लगेच नगरपरिषदेत सुरू झाली. मात्र ‘तात्पुरते’ म्हणजे किती, याचे उत्तर या शहराच्या नियमांत प्रथमच एका विशेषणाऐवजी महिन्याच्या तारखेत लिहिले गेले होते, आणि त्या तारखेला खुर्च्या उचलल्या न गेल्यास शेजाऱ्याला ती बोट ठेवून दाखविता येत होती.